उपरी

मामांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक वस्तू अजून पडून आहे. काड्यापेटीहून थोडी मोठी, करड्या रंगाची, दोन्ही टोकांना पितळी टाचण्यांची तोंडे असलेली. प्रथम पाहणाऱ्याला ती कुठल्याशा यंत्राचा निखळलेला सांधा वाटते. मामा तिला कुलूप म्हणत. संगणकाच्या पाठीमागे जिथे छपाईयंत्राची तार जोडायची, तिथे तार आणि संगणक यांच्या मध्ये हे कुलूप बसवावे लागे. ते बसवले असेल तरच मराठी अक्षरजुळणीची आज्ञावली उघडे. काढले की पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटे आणि पुढचे सारे अडून राही. म्हणजे नाव कुलपाचे आणि काम किल्लीचे. मामांना ही विसंगती आवडे. किल्ली हा शब्द आपण कानडीतून उचलला, असे त्यांचे मत होते, आणि तो उचलताना कुणी परवाना मागितला नाही, असे ते वर हसून सांगत.

मामा बेळगावचे, माझेही आजोळ तेच. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात त्यांची सारी नोकरी झाली. १९९५ साली निवृत्त झाल्यावर मल्लेश्वरममधल्या भाड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी १९९६मध्ये एक संगणक आणला आणि त्याच्यासाठी मराठी अक्षरजुळणीची आज्ञावली विकत घेतली. 'विकत घेतली' हे शब्द मी सवयीने लिहितो आहे; पुढे त्यांच्याकडे पुन्हा यावे लागेल. तिची किंमत त्यांच्या तीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी होती. मामींनी त्या वेळी महिनाभर अबोला धरला होता.

त्या दिवसांत सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सगळे एस. पी. रोड म्हणतात, संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या बोळांतून हिंडले, तर कुठलीही आज्ञावली तबकडीच्या किमतीत मिळे. कुलूप फोडलेली मराठी आज्ञावलीसुद्धा मिळे. मामांना ती कुणीतरी फुकटच देऊ केली होती. त्यांनी घेतली नाही. कारखान्यात तीस वर्षे भांडाराचा हिशेब ठेवलेल्या माणसाला पावतीशिवाय वस्तू घरात ठेवणे जमत नाही, एवढेच त्याचे कारण असावे. त्यात तत्त्वज्ञान नव्हते.

त्या आज्ञावलीवर त्यांनी लग्नपत्रिका जुळवल्या, गणेशोत्सवाचे कार्यक्रम जुळवले, गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात येणाऱ्या स्नेह्यांची हौसेची पुस्तके जुळवली. पण हे सगळे दिवसाचे काम. रात्री ते एक यादी करीत. बंगळुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत जी मराठी बोलली जाते, तिच्यातल्या शब्दांची ती यादी होती. या घरांनी पुण्याची मराठी ऐकलेली नाही, शाळेत ती शिकलेली नाही. स्वयंपाकघरात, देवघरात आणि भांडणात ती टिकली, आणि टिकता टिकता कानडीशी तिची सोयरीक झाली. मामा रविवारी जुन्या पेठेतल्या म्हाताऱ्यांकडे जात, चहा पीत, आणि परतताना बसच्या तिकिटामागे पाच-सहा शब्द आणीत. सोळा वर्षांत ती यादी तीन हजारांच्या पलीकडे गेली.

जून २०१२मध्ये मामा गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मामींनी मला टेबलापाशी बसवले. "अरे, हे सगळं कुणाच्या उपयोगी पडत असेल तर देऊन टाक. पैसे आले तर चांगलंच, नाही आले तरी धूळ तरी जाईल." कॉटनपेठेत पत्रिकांची छपाई करणारा एक तरुण संगणक घ्यायला तयार होता. तो तिथल्याच जुन्या मराठा घरातला. त्याला संगणकापेक्षा आज्ञावलीत रस होता. नव्या यंत्रांना मागे तारेचे ते रुंद तोंडच राहिले नव्हते, त्यामुळे कुलूप बसवायला जुने यंत्रही हवे होते. तो दोन्हींचे मिळून साडेसहा हजार देणार होता. त्याची अट एकच होती: "काका, कुलूप सोबत पाहिजे. कागद नसला तरी चालेल, कागद कोण विचारतंय?"

कागद विचारणारा मीच निघालो. मी ग्रंथपाल होतो. आयुष्यभर दाखल नोंदवहीत पुस्तकांना क्रमांक देण्याचे काम केले. मामांच्या भांडारी वृत्तीचे ते माझ्याकडे आलेले रूप असेल. खणात मूळ खोका होता, त्यात पावती होती आणि एक बारीक इंग्रजी छपाईचा दुमडलेला कागद होता. पावतीवर किंमत लिहिली होती आणि तिच्याखाली विक्रीकर. कागदावर मात्र लिहिले होते, की ही आज्ञावली तुम्हांला विकलेली नाही. ती वापरण्याचा परवाना तेवढा मूळ ग्राहकाला दिला आहे, आणि तो परवाना दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. वेष्टन उघडताच या अटी तुम्हांला मान्य झाल्या असे समजले जाईल, असेही त्यात होते. तो कागद वेष्टनाच्या आत होता.

एकाच खोक्यातले दोन कागद. पहिला म्हणतो विक्री झाली, दुसरा म्हणतो झालीच नाही. सरकारने कर घेतला तो वस्तूवर; कंपनीने दिली ती केवळ मुभा. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २००४मध्ये, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्या खटल्यात, तयार वेष्टनात मिळणारी आज्ञावली हा 'माल' आहे, आणि म्हणून तिच्यावर विक्रीकर लागतो, असे ठरवले. मामींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "कर भरायच्या वेळी माल आणि विकायच्या वेळी मुभा? मग यांनी तीन महिन्यांचे पैसे कशाचे मोजले?"

मी कंपनीला पत्र लिहिले. ग्राहक वारले आहेत, आज्ञावली, कुलूप आणि पावती सुस्थितीत आहे, एका गरजू मुद्रकाच्या नावे परवाना बदलून मिळावा. उत्तर सौजन्याने लिहिलेले होते. परवाना मूळ ग्राहकापुरता आहे; संबंधित मुद्रकाने नवी आवृत्ती घ्यावी, तीत अधिक सोयी आहेत.

जुन्या मराठी मुलखात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती तो विकू शके, गहाण टाकू शके, मुलांना ठेवू शके, आणि गावाच्या बैठकीत त्याला जागा असे. दुसरा उपरी. तो कराराने जमीन कसे, धारा भरे आणि मुदत संपली की नांगर उचलून पुढच्या गावी जाई. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल १८१९मध्ये लिहिला, त्यात हे दोन्ही शब्द आहेत. त्या पत्राचे उत्तर वाचताना मला ते आठवले. मामा मिरास समजून ज्याच्यावर सोळा वर्षे रात्री जागले, ते रान उपऱ्याचे होते. तसे ते या शहरातही भाड्याच्याच घरात राहिले. पण घरमालकाने त्यांना निदान असे कधी सांगितले नाही, की तुम्ही गेल्यावर तुमच्या पत्नीने कपाट उघडायचे नाही.

आणि हे शहर तरी कुठले मिरासीचे? १६३८मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जहागीर म्हणजे उत्पन्न वापरण्याची मुभा; जमीन आदिलशहाची. पुढे व्यंकोजीराजांचे लक्ष तंजावरकडे लागले, इतक्या लांबून बंगळूर सांभाळणे जड झाले, तेव्हा त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाखांचा सौदा मांडला. तो पुरा होण्यापूर्वीच १६८७मध्ये मोगलांच्या कासिमखानाने शहर घेतले आणि शेवटी तितक्याच रकमेत ते वोडेयरांकडे गेले. आज्ञावल्यांच्या उद्योगासाठी जगभर नाव झालेले हे शहर असे एकदा वापरलेल्या स्थितीत विकायला निघाले होते, याची मला मौज वाटते. व्यंकोजीराजांचा परवाना हस्तांतरणीय होता का, हे त्या वेळी विचारायचे तर विजापूरची आदिलशाहीच आदल्या वर्षी बुडाली होती.

मामींचे माहेर गिरगावातले. त्यांच्याजवळ याला एक तोडगाही होता. "आमच्या चाळीत एकही खोली कुणाच्या मालकीची नव्हती. तरी लोक पागडी घेऊन खोल्या देत होतेच की! मालकाचा वाटा मालकाला द्यायचा, पावतीवरचं नाव बदलायचं. तसं विचार त्यांना." पागडी पूर्वी चोरून घेतली जाई, महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. मामींचा तोडगा मला तेव्हा भाबडा वाटला होता. आज वाटत नाही. पण कंपनीला दुसरे पत्र लिहायचे माझ्याकडून राहून गेले, हे खरे.

त्याऐवजी मी कायद्याची पुस्तके काढून बसलो. ग्रंथपालाला दुसरे काय येते? १९५७च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला 'साहित्यकृती' म्हटले आहे. कादंबरी, कविता आणि आज्ञावली एका पंक्तीला बसवल्या. पण पंगतीत वाढताना भेद झाला. पुस्तकाच्या बाबतीत लेखक-प्रकाशकाचा हक्क नव्या प्रती लोकांपुढे आणण्यापुरता. जी प्रत आधीच फिरते आहे तिच्यावर त्यांचा ताबा नाही. १९९४च्या दुरुस्तीत आज्ञावलीसाठी मात्र निराळे कलम आले. प्रत विकण्याचा वा भाड्याने देण्याचा हक्क हक्कधारकाचाच, मग ती प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो. ते मे १९९५मध्ये अमलात आले. म्हणजे मामांनी खोका घरी आणला, त्या वर्षी कायद्याच्या अक्षराप्रमाणे तो पुन्हा विकणे हा दुसऱ्याच्या हक्काचा भंग ठरला असता. १९९९च्या दुरुस्तीने 'पूर्वी विकली गेलेली असो वा नसो' हे शब्द वगळले आणि जानेवारी २०००पासून ते कायद्यात नाहीत. मामा पुढच्या खोलीत शब्द टिपत असताना त्यांच्या खोक्याची जात अशी बदलली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुस्तकाचा हा निकाल अमेरिकेत फार आधी लागला होता. 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीच्या प्रकाशकाने आत छापले होते, की एका डॉलरहून कमी किमतीला विकणारा आमच्या हक्काचा भंग करील. एका मोठ्या दुकानाने ती एकोणनव्वद सेंटला विकली. १९०८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत एकदा विकलीत, की तिच्या पुढच्या प्रवासावर तुमची सत्ता उरली नाही. अव्हेन्यू रोडच्या पदपथावर मला मोल्सवर्थचा कोश मिळाला, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. त्यावर तीन निरनिराळ्या शाईंत तीन मालकांच्या सह्या होत्या. मी चौथी केली. कुणाला पत्र लिहिले नाही.

आज्ञावलीच्या बाबतीत मात्र त्याच अमेरिकेत २०१०मध्ये उलटे झाले. इमारतींचे आराखडे काढायच्या ऑटोकॅडच्या वापरलेल्या प्रती एका गृहस्थाने विकायला काढल्या. अपील न्यायालयाने म्हटले, की मूळ खरेदीदाराकडेच मालकी नव्हती, तेव्हा तुमच्याकडे कुठून येणार? युरोपात ३ जुलै २०१२ रोजी, म्हणजे मामांचे दिवस आम्ही करीत होतो त्याच सुमारास, लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ओरॅकल आणि यूज्डसॉफ्ट यांच्या वादात निर्णय दिला: पैसे घेऊन कायमचा परवाना दिलात, तर नाव काहीही ठेवा, ती विक्रीच आहे. घेणारा तो पुढे विकू शकतो. मात्र विकताना आपल्याकडची प्रत त्याने निकामी केली पाहिजे. हा निर्णय मी फार उशिरा वाचला. वाचताना वाटले, मामांच्या कुलपाने ही अट आपोआप पाळली असती. कुलूप एकच. ते ज्याच्याकडे, त्याच्याकडे आज्ञावली.

कंपनीची बाजू मला दिसत नाही असे नाही. मराठी अक्षरजुळणीचा बाजार तो केवढा? ज्यांनी आपल्या जोडाक्षरांना संगणकात जागा करून दिली, त्यांची मेहनत एस. पी. रोडच्या बोळांत तबकडीच्या भावाने गेली. पुस्तक दिले की आपल्याकडे उरत नाही. आज्ञावली दिली तरी उरते, आणि माणसाच्या शब्दावर विसंबून धंदा चालत नाही. कुलूप म्हणून आले. पण त्या व्यवस्थेत अडकले कोण, याचा विचार केला की मन खिन्न होते. चोरीच्या प्रतीला कुलूप नव्हते, अटींचा कागद नव्हता, मूळ ग्राहक नव्हता. ती बापाकडून मुलाकडे, मुलाकडून मित्राकडे बिनबोभाट गेली. अडली ती पावतीची प्रत. मामांनी तेव्हा फुकटची तबकडी घेतली असती, तर २०१२मध्ये मला हे काही वाचावे लागले नसते.

आणि अडकली ती यादी. साडेसहा हजारांचा प्रश्न खरे तर गौणच होता. त्या काळच्या आज्ञावल्यांत प्रत्येकीची अक्षरांची मांडणी स्वतंत्र असे. रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका आज्ञावलीतला मजकूर दुसरीत उघडला, की टिंबे, उद्गारचिन्हे आणि उपरी लिपीची रांगोळी दिसे. सगळ्या जगाला एक मांडणी देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती. पण ती घराघरांतल्या संगणकांत पोचेपर्यंत दुसरे शतक उजाडले. मामांचे तीन हजार शब्द त्या कुलपाच्या आत होते. कागदावर एक जुनी, अर्धीमुर्धी प्रत होती. तिच्यात पुढच्या आठ वर्षांची भर नव्हती. यादी मामांची होती, यात कायद्यालाही शंका नाही. पण ती उघडायची मुभा मामांबरोबर गेली होती.

मी काय केले ते सांगतो. त्या तरुणाला यंत्र अडीच हजारांना दिले. पावतीवर 'जुना संगणक' एवढेच लिहिले. कुलूप यंत्राच्या मागे होते. मी ते काढले नाही. त्याचे पैसेही घेतले नाहीत. बदल्यात त्याने यादी नव्या मांडणीत आणून द्यायची, असे ठरले. हे दान झाले, विक्री झाली, की अपहार झाला, यावर मी पुष्कळ रात्री घालवल्या. मामांनी हे केले असते का? बहुधा नसते. ते दुसरे पत्र लिहीत राहिले असते, मग तिसरे. आणि यादी आतच राहिली असती. मामींचे उत्तर सोपे होते. "त्यांनी पैसे भरले. वस्तू घरातली. घरातली वस्तू मी दिली. तू कशाला जीव काढतोस?"

तरुणाला चार महिने लागले. अक्षरे नव्या घरांत हलवताना रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसले, काही जोडाक्षरे फुटली. रविवारी तो आमच्याकडे येई आणि आम्ही मुद्रिते तपासत बसू. कुठे अक्षर कळले नाही, तर तो शब्द तो घरी आजीला विचारून येई. कधी कधी आजी म्हणे, हा शब्द असा नाही, असा. मामांनी चुकीचा ऐकला होता. पुढच्या वर्षी ते जुने यंत्र बंद पडले. तेव्हा त्याने कुलूप कागदात गुंडाळून परत आणून दिले. "तुमची वस्तू आहे काका." ती कुणाची आहे, हे मी त्याला सांगत बसलो नाही.

मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निर्णय आला. घरकोंडीचे दिवस होते, मी तो सबंध वाचून काढला. मूळ अपील बंगळूरच्याच एका कंपनीचे होते, एंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स हिचे. तिने अमेरिकेतून तयार आज्ञावली आणली होती. आयकर खात्याचे म्हणणे, हे पैसे स्वामित्वहक्क वापरण्याबद्दलचे मानधन आहे, त्यातून कर कापायला हवा होता. वाद २००१-०२च्या आकारणीचा, निकाल वीस वर्षांनी. न्यायालयाने खात्याचे म्हणणे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०११चा निर्णय दोन्ही बाजूला सारले. स्वामित्वहक्क वेगळा आणि त्याने संरक्षित प्रत वेगळी. घेणाऱ्याला मिळते ती प्रत. समजावण्यासाठी न्यायमूर्तींनी उदाहरण घेतले ते पुस्तकाचेच: इंग्लंडच्या प्रकाशकाने भारतातल्या वितरकाला दोन हजार प्रती विकल्या आणि त्याने त्या नफ्याने पुन्हा विकल्या, तर स्वामित्वहक्काचा कणही हलत नाही. मी ते पान मामींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग आपण विकू शकत होतो?" मला सांगावे लागले, की खटला कराचा होता. एकदा वापरलेली प्रत पुढे देण्याचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता, आणि 'अहस्तांतरणीय' हा शब्द कराराच्या कागदावर होता तिथेच आहे. मामींनी चष्मा पुसला.

ग्रंथालयातही पुढे हेच आले. छापील नियतकालिकांची वर्गणी थांबवली, तरी मागचे अंक कपाटात राहत. संगणकावरून वाचायच्या नियतकालिकांची थांबवली, आणि करारात तशी तरतूद नसली, की मागच्या वर्षांचे अंकही दिसेनासे होतात. पैसे भरलेल्या वर्षांचेसुद्धा. २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'च्या विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या होत्या. पुस्तक नेमके तेच असावे, हा योगायोग कुणी कादंबरीत घातला असता, तर आपण त्याला फार ओढाताणीचा म्हटले असते.

मागच्या वर्षी यादीची बांधीव प्रत मी एका ग्रंथालयाला द्यायचे ठरवले. तिथला देणगीचा अर्ज घेऊन मामींकडे गेलो. त्यांचे वय आता नव्वदीला टेकले आहे. अर्जात एक रकाना होता: देणगीदाराने आपले हक्क ग्रंथालयास दिले आहेत काय? त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

"म्हणजे आता ही यादी कुणीही घरी नेणार?"

"नेतील. आणि परत आणून देतील."

"नाही आणली तर?"

ग्रंथपाल म्हणून मी दंडाचा दर सांगणार होतो. मामींनी पेन मागितले.

"नाही आणली तर त्यांच्याकडे राहील," त्या म्हणाल्या, आणि सही केली.